दारात समुद्र, तरी टाकीत त्याचा थेंब नाही

मालवण, वेंगुर्ला, रत्नागिरी, अलिबाग, किनाऱ्यावर कुठेही घरात रीफ टँक, म्हणजे कोरल (प्रवाळ) ठेवायची खाऱ्या पाण्याची टाकी, लावलात की बघायला येणारा माणूस आधी कोरलकडे बघतच नाही, त्याची नजर जाते कोपऱ्यातल्या आरओ पाण्याच्या कॅनवर आणि बाजूच्या मिठाच्या बादलीवर. मग ठरलेला डायलॉग येतो, "समोर एवढो दर्यो आसा आणि तू पाणी इकत घेतंस?" प्रश्न एकदम रास्त आहे. हाकेच्या अंतरावर समुद्र असताना पाणी विकत, मीठ विकत, दगड विकत, वाळूसुद्धा विकत, हे शहाणपण की पैशाचा माज? या एका प्रश्नाचं नीट उत्तर दिलं की रीफ टँकचं निम्मं शास्त्र त्यातच येऊन जातं, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. फोटोंचं नंतर, कारण ज्या प्रकाशावर कोरल जगतं तोच प्रकाश फोटोची वाट लावतो, त्यामुळे आधी कोरल कळलेलं बरं.

तर कोरल हा प्राणी आहे. झाड नाही, दगडही नाही. जवळून बघितलं तर एकेक पॉलिप म्हणजे छोटीशी पिशवी, वर एकच तोंड, त्यातूनच खायचं आणि त्यातूनच घाण बाहेर टाकायची, तोंडाभोवती टेंटॅकल्स आणि त्यात जेलीफिशसारख्या डंख मारणाऱ्या पेशी. जेलीफिश, सी ॲनिमोन आणि कोरल ही एकाच खानदानातली मंडळी. दगडी कोरल पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट उचलून स्वतःखाली चुनखडीचा सांगाडा बांधत जातं, हजारो वर्षं असे सांगाडे एकावर एक चढले की रीफ होतं. मऊ कोरल तसला सांगाडा बांधत नाहीत.

पण खरी गंमत पॉलिपच्या आत आहे, तिथे पेशींमध्ये सूक्ष्म शेवाळ राहतं, झूझँथेली म्हणतात त्याला. आपल्याकडे जमीन अर्धेलीने कसायला देतात ना, तसलाच व्यवहार: जागा कोरलची, खत कोरलचं म्हणजे त्याच्या शरीरातून निघणारा अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड, कष्ट शेवाळाचे, आणि पिकलेल्या साखरेतला वाटा मालकाला. फक्त वाटा अर्धा नसतो, बऱ्याच कोरलना लागणाऱ्या ऊर्जेचा 90 टक्क्यांपर्यंत भाग या शेवाळाकडून येतो. म्हणून कोरलला लाइट लागतो, आणि म्हणूनच गरमीत ते पांढरं पडतं. उन्हाळ्यात जेवढं जास्तीत जास्त तापमान नेहमी असतं त्याच्यापेक्षा पाणी एखादी डिग्री वर गेलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की शेवाळाचं प्रकाशसंश्लेषण बिघडतं, त्यातून ऑक्सिजनचे घातक प्रकार तयार होतात आणि कोरल त्या शेवाळालाच बाहेर काढतं. मांस पारदर्शक, रंग बराचसा शेवाळाचा, ते गेलं की खालचा पांढरा सांगाडा दिसायला लागतो. यालाच ब्लीचिंग म्हणतात. त्या वेळी कोरल मेलेलं नसतं, उपाशी असतं, पाणी लवकर थंड झालं तर सावरू शकतं. एप्रिल 2024 मध्ये अमेरिकेच्या नोआ या संस्थेने चौथं जागतिक ब्लीचिंग चालू असल्याचं जाहीर केलं होतं. एवढा मोठा समुद्र तापतो तर आपल्या हॉलमधली 100 लीटरची टाकी तापायला एक दुपार पुरे.

आता उत्तराचा पहिला भाग, समोरचं कोरलच का उचलायचं नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूला स्नॉर्केलिंग केलेल्यांनी ते बघितलेलं असतं, आणि विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभर किलोमीटरहून आत समुद्रात आंग्रिया बँक नावाचं पाण्याखालचं पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं, तिथेही आहे. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 चं, 29.12 चौरस किलोमीटरचं. पण अभयारण्याच्या आत की बाहेर हा मुद्दाच नाही, कारण वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या शेड्यूलमध्ये दगडी कोरलची अख्खी जमात आहे, सोबत काळं कोरल, फायर कोरल, ऑर्गन पाइप कोरल आणि सी फॅन. वाघ ज्या शेड्यूलमध्ये आहे त्यातच. त्यामुळे ओहोटीला खडकावरून तुकडा काढला, जाळ्यात आलेला सी फॅन वाळवून शोकेसमध्ये लावला, "मेलेलंच होतं हो" म्हणून पिशवीत टाकलं, यातलं काहीच चालत नाही.

मग दुकानातलं दगडी कोरल चालतं का? शेड्यूलमध्ये जमात लिहिलेली आहे, फक्त इथल्या समुद्रातली असं नाही, शिवाय दगडी कोरल साइटीस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतात, म्हणजे आयातीला कागदपत्रं लागतात. विकणारा "इम्पोर्टेड आहे, काय होत नाही" म्हणेल, त्याच्या शब्दावर पैसे टाकू नका, आधी वन विभागात विचारा. माझं मत सरळ आहे, इथे टाकी लावायची तर मशरूम, झोआ, लेदर, झेनिया (ही दुकानातली नावं) असल्या मऊ कोरलवर लावा, दिसायला ती कुठेही कमी नाहीत आणि नवख्याच्या हातून जगतात. बिल मात्र त्यांचंही मागून घ्या.

दुसरा भाग पाण्याचा. खुल्या समुद्रात रीफच्या पाण्यात लीटरमागे साधारण 35 ग्रॅम क्षार असतात आणि वर्षभर त्यात फारसा फरक पडत नाही, कोरलला हीच सवय. आपला किनारा तसा नाही. जूनमध्ये वाशिष्ठी, शास्त्री, कर्ली, तेरेखोल सगळ्या एकदम लाल होऊन समुद्रात उतरतात, खाडीच्या तोंडाजवळ खारटपणा कोसळतो, गाळ तरंगत असतो, आणि जेटीजवळ डिझेलचा तवंग असतो तो वेगळाच. उन्हाळ्यातलं नितळ दिसणारं पाणीसुद्धा जिवंत असतं, त्यातलं प्लँक्टन कॅनमध्ये मरतं आणि अमोनिया होतो, वर माशांचे परजीवी फुकट. मोठी मत्स्यालयं, हॅचऱ्या समुद्राचंच पाणी वापरतात हे खरं, पण गाळून, निर्जंतुक करून, तपासून. आपल्याकडे बादली असते.

बरं मग विहिरीच्या पाण्यात मीठ घालू? जांभ्यातल्या विहिरीचं पाणी प्यायला गोड असेल, पण त्यात लोह उतरलेलं असू शकतं, वरच्या कलमांच्या बागेतलं खत झिरपलेलं असू शकतं, म्हणजे नायट्रेट आणि फॉस्फेट, आणि हे टाकीत गेलं की कोरलच्या आधी दगडावरचं केसाळ शेवाळ बाळसं धरतं. म्हणून आरओ, आणि जमलं तर त्याच्यापुढे डीआय रेझिन (उरलेसुरले क्षार धरून ठेवणारे दाणे), विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य यायला पाहिजे. घरातल्या प्यायच्या आरओला शेवटी मिनरल परत घालणारी कार्ट्रिज असते, पाणी तिच्या आधी काढून घ्यायचं, नाहीतर काढलेलं परत घातल्यासारखं.

मिठाचा किस्सा मला सगळ्यात आवडतो. वेंगुर्ल्याजवळच्या शिरोड्याला मिठागरं, 1930 चा मिठाचा सत्याग्रह झाला तेच शिरोडं. समुद्राच्याच पाण्याचं मीठ, ते आरओच्या पाण्यात विरघळवलं की समुद्राचं पाणी परत मिळायला पाहिजे, हिशोब सोपा वाटतो. पण पाणी उन्हात आटताना सगळे क्षार एकदम खाली बसत नाहीत. आधी कॅल्शियम जिप्सम होऊन बसतं, मग खायचं मीठ बसतं, आणि मॅग्नेशियम, पोटॅशियम शेवटपर्यंत उरलेल्या कडू पाण्यात राहतात, ते पाणी आगरातून काढून टाकतात कारण ते राहिलं तर मीठ कडवट होतं आणि ओलं राहतं. म्हणजे आगरवाल्याचं काम जितकं चोख तितकं मीठ शुद्ध, आणि जितकं शुद्ध तितकं कोरलला निरुपयोगी! कोरलला पाण्यात कॅल्शियम 400 ते 450 पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) लागतं, मॅग्नेशियम 1250 ते 1350 च्या आसपास, आणि आल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातला कार्बोनेटचा साठा, 8-9 डीकेएच (हे तिचं एकक), हे सगळं मापात घातलेलं मीठ म्हणजे रीफ सॉल्ट. लीटरला 35 ते 40 ग्रॅम लागतं, ब्रँडप्रमाणे थोडं इकडेतिकडे, खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर नावाच्या उपकरणाने, आणि रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्यावर शून्य दाखवतो म्हणून बरोबर आहे असं धरायचं नाही, 35 पीपीटी (हजारात 35 भाग) खारटपणाचं तयार सोल्युशन मिळतं त्यावर जुळवून घ्यायचा.

वाळू आणि दगड पटकन उरकतो. जांभा टाकीत नको, त्यात लोह. रत्नागिरीच्या काळ्या समुद्रावरची वाळू दिसायला फार भारी, पण त्या काळ्या कणांत इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट ही लोहाची खनिजं असतात आणि टाकीतल्या पंपांमध्ये चुंबक असतं, पुढचं सांगायला नको. विकतची ॲरागोनाइट (चुनखडीच्या जातीची) वाळू आणि सुके सच्छिद्र दगड घ्या.

टाकी भरल्यावर महिना-दीड महिना काही घालायचं नाही. दगडांवर बॅक्टेरिया वसायला तेवढा वेळ जातो, एक टोळी अमोनियाचा नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचा नायट्रेट, टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आल्याशिवाय कोरल आणायचं नाही, पाहुणे येणार असले तरी नाही. पुढे आठवड्याला दहा टक्के पाणी बदलत राहायचं.

आणि पाणी उडतं ते रोज भरायचं, पण गोडं! इथे बरेच जण गोंधळतात. वाफ होते ती पाण्याची, मीठ मागेच राहतं. 100 लीटरच्या टाकीतून दिवसाला दोन लीटर उडालं तर खारटपणा 35 चा 35.7 होतो, पाच दिवस गावाला गेलात आणि कुणी पाणी घातलं नाही तर जवळजवळ 39. परत येऊन खारं पाणी ओतलंत तर संपलंच. फ्लोट लावलेला छोटा टॉप-अप पंप मिळतो, टाकीबरोबर पहिली खरेदी तीच करा, कोरल नंतर.

आता गरमी, कोकणातला खरा शत्रू हाच. टाकी 25 ते 27 डिग्रीत ठेवायची असते. पुण्यातल्या मित्राला विचाराल तर तो म्हणेल दोन छोटे पंखे पाण्यावर लाव, काम झालं. त्याचं तिथे बरोबर आहे, तुमचं इथे होणार नाही. पंखा पाणी थंड करतो ते वाफ करून, एक लीटर पाणी उडालं की 100 लीटरच्या टाकीतून साधारण सहा डिग्री उतरण्याएवढी उष्णता जाते, अर्थात तेवढ्यात खोलीतून, लाइटमधून, पंपातून ती परत आत येत असते. पण पाणी उडायला हवा कोरडी पाहिजे. पुण्यात एप्रिलच्या दुपारी 38 डिग्री आणि आर्द्रता 20 टक्के असेल तर वाफेने पाणी थिअरीत 21 डिग्रीपर्यंत खाली येऊ शकतं. रत्नागिरीत मे महिन्यात 32 डिग्री आणि 70 टक्के असेल तर तोच आकडा साडेसत्तावीस, आणि हा थिअरीतला सर्वात चांगला आकडा, प्रत्यक्षात 29 च्या खाली पंख्याने आणणं कठीण. म्हणजे तापमापक इथे कमी दाखवत असूनही पंखा तिथे चालतो आणि इथे हरतो, अंगाला चिकचिक होते ना मे मध्ये, घाम सुकत नाही, टाकीचाही सुकत नाही. त्यामुळे इथे चिलर (पाणी थंड करायचं यंत्र) किंवा दिवसभर एसी असलेली खोली, दोन्ही परवडत नसेल तर रीफ टँक लावू नये असं मी स्पष्ट सांगतो, लोकांना राग येतो पण कोरल उकडण्यापेक्षा बरं.

चिलर घेतला तरी लाईट जाते. पावसाळ्यात कुठेतरी फांदी पडली की तास-दोन तास ठरलेले, आणि जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या कित्येक गावांत आठवडे अंधार होता. लाईट गेल्यावर लोक तापमानाची काळजी करतात, पण आधी संपतो ऑक्सिजन. गरम आणि खाऱ्या पाण्यात तो मुळातच कमी विरघळतो, त्यात पंप बंद म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग हलत नाही, रात्र असेल तर शेवाळही ऑक्सिजन बनवायचं सोडून वापरत असतं. बॅटरीवरचा एअर पंप, लाईट गेली की आपोआप सुरू होणारा, हा फार स्वस्त विमा आहे. इन्व्हर्टरवर चिलर टाकू नका, फक्त पाणी फिरवणारा पंप टाका. आणि त्या दिवशी माशांना खायला घालायचं नाही.

कोरलकडे येऊ. पहिलं घ्यायचं ते मशरूम, मग झोआ. मशरूमला कमी प्रकाश, कमी प्रवाह, थोडं मळकं पाणीही चालतं, उलट एकदम चकाचक पाण्यात ते आकसतं, नायट्रेट 5-10 पीपीएम आणि थोडं फॉस्फेट असलेलं बरं. लेदर कोरल घेतलंत तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: एके दिवशी ते सगळे पॉलिप आत ओढून घेईल, वर मेणासारखा चकचकीत थर येईल, रंग उतरलेला, आठवडाभर तसंच, बघणारा म्हणणार गेलं हे. गेलेलं नसतं, ते वरची कातडी टाकत असतं, त्यावर बसलेलं शेवाळ, घाण सगळं त्या थराबरोबर सोलून प्रवाहात निघून जातं आणि खालून नवे पॉलिप येतात. त्या आठवड्यात त्याच्याकडे प्रवाह थोडा वाढवायचा, हात लावायचा नाही, जागा बदलायची नाही, पाण्यात औषधं तर अजिबात ओतायची नाहीत. झेनिया हाताचे पंजे उघडमीट केल्यासारखी दिवसरात्र हलत असते, हा नुसता शो नाही, त्या हालचालीने आतल्या शेवाळाने बनवलेला जादा ऑक्सिजन दूर ढकलला जातो आणि प्रकाशसंश्लेषण चांगलं चालतं असं 2013 च्या एका संशोधनात दिसलं. पण जगली तर तणासारखी पसरते, वेगळ्या दगडावर ठेवा. सगळ्या कोरलमध्ये अंतर ठेवायचं, ते एकमेकांना डंख मारतात, लेदर तर पाण्यात रसायनं सोडून शेजाऱ्याला छळतं, त्यासाठी फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन.

एक गोष्ट मात्र गंमतीत घेऊ नका. झोआ आणि विशेषतः त्यांचे भाऊबंद पॅलिथोआ यांच्यात पॅलिटॉक्सिन नावाचं विष असू शकतं, निसर्गातल्या सगळ्यात जहाल विषांपैकी एक. हातमोजे, चष्मा घातल्याशिवाय कापाकापी नाही, आणि त्यांचा दगड साफ करायला कधीही उकळायचा नाही, गरम पाणी ओतायचं नाही, ब्रशने सुका घासायचा नाही. वाफेतून विष श्वासात जाऊन अख्खं घर हॉस्पिटलात गेल्याच्या घटना परदेशात झालेल्या आहेत. घरात लहान मुलं असतील तर झोआ सोडा, मशरूमवर थांबा.

लाइट किती? प्रकाश मोजायचं माप पार, म्हणजे प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा प्रकाश, मऊ कोरलला 50 ते 150 पुरतं, दिवसाला आठ-दहा तास. नवीन कोरल आधी खाली ठेवायचं, मग आठवड्या-आठवड्याने वर सरकवायचं. कॅल्शियमचे महागडे डोस मऊ कोरलच्या टाकीत सहसा लागत नाहीत, पाणी बदलण्यातूनच भागतं. दगडी कोरलवाले मात्र चुन्याची निवळी थेंब थेंब सोडतात, कारण सांगाडा बांधताना कॅल्शियम आणि आल्कलिनिटी ठरलेल्या प्रमाणात खर्च होतात, 20 पीपीएम कॅल्शियममागे 2.8 डीकेएच, आणि निवळीतून दोन्ही त्याच प्रमाणात मिळतात. पानाच्या डबीतला चुना घालू नका म्हणजे झालं.

आता फोटो. संध्याकाळी टाकी निळ्या लाइटवर गेली की कोरल पेटल्यासारखे चमकतात, आपण फोन काढतो, आणि येतो एक निळा ढग. पाणी लाल प्रकाश पहिल्या काही मीटरातच शोषून घेतं, निळा खोल जातो, म्हणून कोरलमधलं शेवाळ निळ्यावर चालायला सरावलेलं आणि म्हणून रीफ लाइटमध्ये 420 ते 470 नॅनोमीटरचे एलईडी भरलेले. कोरलमध्ये फ्लोरोसंट प्रोटीन असतात, ते हा निळा प्रकाश खातात आणि त्याच्याऐवजी हिरवा, नारिंगी, लाल बाहेर टाकतात. असलं पहिलं हिरवं प्रोटीन ओसामू शिमोमुरांनी 1962 मध्ये एका जेलीफिशमधून वेगळं केलं, 2008 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना, मार्टिन चाल्फी आणि रॉजर त्सिएन यांना त्यावरच मिळालं. आणि 1999 मध्ये लाल प्रोटीन सापडलं ते डिस्कोसोमात, म्हणजे दुकानात ज्याला मशरूम म्हणून विकतात त्याच मंडळींत. जगभरच्या लॅबमध्ये पेशी रंगवून बघायला जे लाल प्रोटीन वापरतात त्यातले बरेच याच्यावरूनच बनवलेत.

मग डोळ्याला दिसतं ते कॅमेऱ्याला का नाही? सेन्सरवर दर चार पिक्सेलमागे दोन हिरवे, एक लाल, एक निळा. खोली निळी असेल तर चारातला एकच काम करतो, तो भरून सांडतो, बाकीचे तीन जवळजवळ अंधारात. कॅमेऱ्याला वाटतं सीन काळोखा आहे, तो एक्स्पोजर अजून वाढवतो, निळा अजून सांडतो, तपशील पुसले जातात आणि लाल-हिरव्यात दाणे येतात. व्हाइट बॅलन्स, म्हणजे प्रकाशाचा रंग ओळखून पांढऱ्याला पांढरं दाखवणं, तोही बऱ्याच कॅमेऱ्यांत 10,000 केल्विनच्या (आकडा जितका मोठा तितका प्रकाश निळा) आसपास हात टेकतो, रीफ लाइट त्याच्या कितीतरी पुढे असतो. म्हणजे मेगापिक्सेल वाढवून हा प्रश्न सुटत नाही, प्रकाशच बदलावा लागतो.

बदलायचा कसा? एक म्हणजे फोटोपुरता लाइट पांढऱ्यावर आणा, पाच-दहा मिनिटांनी कोरलला काही होत नाही. रंग खरे येतात, थोडे फिके वाटतील, पण ते खरे आहेत. दोन, चमकच पकडायची असेल तर लेन्ससमोर पिवळा किंवा नारिंगी फिल्टर. तो निळा प्रकाश अडवतो आणि कोरलने सोडलेला हिरवा-नारिंगी आत जाऊ देतो. तयार क्लिपचे फिल्टर मिळतात, पण आधी ट्रायल घ्यायची तर गणपतीच्या मखराला लाइटवर लावतो तो नारिंगी जिलेटिन पेपर फोनच्या लेन्सवर सपाट ताणून धरा, सुरकुती नको, फरक जागेवर दिसेल. तीन, प्रो मोडमध्ये रॉ फाइल (फोनने रंग न बदललेली मूळ फाइल) काढा, एक्स्पोजर पाऊण-एक स्टॉप खाली ठेवा म्हणजे निळा सांडणार नाही, आणि कोरलच्या शेजारी धुतलेला पांढरा प्लास्टिकचा चमचा एका फोटोपुरता धरा, नंतर एडिटिंगमध्ये व्हाइट बॅलन्सचा पिकर त्या चमच्यावर मारला की बाकी सगळं जागेवर येतं.

यानंतरची कामं कंटाळवाणी पण निम्मा फोटो त्यातच आहे. काच आतून-बाहेरून पुसा, किनाऱ्यावर बाहेरच्या काचेवरही खारी हवा बसते. पंप बंद करा, पाच मिनिटं थांबा, तरंगणारी घाण बसू द्या, आणि पंप परत चालू करायला फोनवर गजर लावा, कारण फोटोच्या नादात ते विसरायला होतं. खोलीतले दिवे, टीव्ही बंद, अंगात काळा टीशर्ट, नाहीतर पांढरा बनियन काचेत येतो. कॅमेरा काचेला एकदम काटकोनात, तिरका धरलात की पाणी आणि काचेतून वाकताना रंग फाटतात आणि कडांना जांभळी-पिवळी किनार येते, हा फोकसचा दोष समजून लोक लेन्स बदलतात. वरून फोटो काढायचा तर तळाला पारदर्शक सपाट ॲक्रिलिक असलेला डबा पाण्यावर टेकवून त्यातून काढा. फोटोत आडवे पट्टे आले तर ते एलईडीच्या वेगाने चालू-बंद होण्यामुळे, शटर थोडं हळू करा, जातात.

झोआचं एकच पॉलिप घ्या, एखाद्या सेंटिमीटरचं. मध्ये चिरेसारखं तोंड, भोवती एका रंगाचा गोल, त्याच्यापुढे दुसरा, कडेला पापण्यांसारखी झालर. फोकस झालरीवर ठेवला तर तोंड धूसर, तोंडावर ठेवला तर झालर गेली, इतक्या जवळून फोकसमध्ये येणारी खोली मिलिमीटरात मिळते. म्हणून कॅमेरा असेल तर ॲपर्चर एफ 8 ते 11, ट्रायपॉड, मॅक्रो लेन्स. फोन असेल तर काचेला चिकटवू नका, थोडं मागे येऊन 2एक्स किंवा 3एक्स लेन्सवर काढा, अल्ट्रावाइडच्या मॅक्रोने कडा वाकतात आणि फोनची सावली पडते. थोडं मागून घेतलं की फोकसची खोलीही जास्त मिळते, नंतर क्रॉप करा.

यातूनच एक खरेदीचा सल्ला, विकणाऱ्याने पाठवलेला झगझगीत फोटो जवळजवळ नेहमी निळ्या लाइटमधला, वर एडिटिंगमध्ये रंग ताणलेला असतो. घरी येतं तपकिरी काहीतरी. तो फसवतोय असंच नाही, पण पांढऱ्या लाइटमधला फोटो मागा, खळखळ केली तर सोडून द्या.

आणि महिन्यातून एकदा, तोच लाइट, तीच जागा, तेच सेटिंग, शेजारी तोच चमचा, असा प्रत्येक कोरलचा एक साधा फोटो काढून ठेवा, लाइक मिळवण्यासाठी नाही. रंग हळूहळू उतरत असेल तर रोज बघणाऱ्या डोळ्याला कळत नाही, दोन फोटो शेजारी ठेवले की लगेच कळतं, आणि मार्च ते मे मधले फोटो तर चुकवूच नका, कारण ब्लीचिंग सुरू झालेलं तेव्हाच पकडलं तर लाइट कमी करून, चिलर एक डिग्री खाली आणून हातात काहीतरी राहतं. कॅमेरा वापरून झाला की ओलसर फडक्याने खारटपणा पुसून सिलिका जेल टाकलेल्या हवाबंद डब्यात ठेवा, आपल्या पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या लेन्सवर दसऱ्यापर्यंत बुरशी धरते आणि ती काढायचा खर्च मशरूमच्या चार तुकड्यांपेक्षा जास्त येतो.